पॉलिटिक्स : इंग्रजीतील अर्थ आणि संबंधित संज्ञा

राज्यकारभार, सत्तास्पर्धा आणि सार्वजनिक निर्णयांची घडण या तिन्हींसाठी इंग्रजीत ‘पॉलिटिक्स’ ही एकच संज्ञा वापरली जाते. तिचे मूळ नगरराज्य या अर्थाच्या ‘पोलिस’ या ग्रीक शब्दात आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातील अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिका’ या ग्रंथनामाच्या धर्तीवर, ‘फिजिक्स’ व ‘एथिक्स’प्रमाणे, हा शास्त्रवाचक शब्द घडला. म्हणून रूप अनेकवचनी असूनही शास्त्र किंवा व्यवहार या अर्थी तो सहसा एकवचनी चालतो. व्यक्तीची राजकीय मते सांगताना मात्र अनेकवचनी क्रियापद येते.

‘पोलितेइया’ या ग्रीक शब्दापासून लॅटिन व फ्रेंचमार्गे ‘पॉलिटी’ म्हणजे राज्यव्यवस्था, ‘पॉलिसी’ म्हणजे धोरण आणि ‘पोलीस’ हे शब्द आले. विम्याची ‘पॉलिसी’ या कुळातली नव्हे. ती दस्तऐवजवाचक इटालियन शब्दावरून आली आहे.

यांपैकी ‘पॉलिसी’चा प्रवास विशेष लक्षणीय आहे. इटालियन राजकीय विचारवंत मॅकिआव्हेली याच्या विचारांचा दबदबा असलेल्या सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये या शब्दाला कावेबाजपणाची छटा होती आणि त्याच सुमारास रुळलेला ‘पॉलिटिशियन’ हा शब्दही कारस्थानी माणसाला लावला जाई. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या नाटकात राजा लिअर आंधळ्या ग्लॉस्टरला सांगतो, की काचेचे डोळे बसव आणि नीच पॉलिटिशियनप्रमाणे न दिसणारे दिसत असल्याचा आव आण. पुढे ‘पॉलिसी’ला प्रतिष्ठा लाभली, ‘पॉलिटिशियन’वरचा डाग पुरता पुसला गेला नाही आणि आदर व्यक्त करण्यासाठी ‘स्टेट्समन’ हा शब्द राहिला. ‘पॉलिटिक’ या विशेषणात धूर्त शहाणपणाचा जुना अर्थ टिकून आहे, तर राज्यसंबंधी हा अर्थ ‘पोलिटिकल’कडे गेला.

फ्रेंच ‘पोलितीक’ आणि जर्मन ‘पोलितीक’ हे शब्द धोरण व राजकारण दोन्ही सामावून घेतात. इंग्रजी ती दोन वेगळी करते. हा भेद अभ्यासाला सोयीचा असला, तरी धोरण म्हणजे हितसंबंधांच्या पलीकडचा निव्वळ तांत्रिक निर्णय, असा गैरसमज त्यातून सहज पसरतो आणि तो घातक आहे. कोणाला काय, केव्हा व कसे मिळते, अशी पॉलिटिक्सची प्रसिद्ध व्याख्या १९३६ मध्ये करणारे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लासवेल हेच १९५१ मध्ये ‘पॉलिसी सायन्सेस’ या अभ्यासशाखेच्या पायाभरणीतही अग्रभागी होते.