मातीला उजेड दाखवू नका

पाषाणाच्या मूर्तीचं कार्बन डेटिंग होत नाही. हे एकदा स्पष्ट लिहून टाकतो, कारण 'अमुक देवीची मूर्ती पाच हजार वर्षांपूर्वीची, कार्बन डेटिंगने सिद्ध' असा मजकूर कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरत येतोच आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागते. कार्बन-१४ची पद्धत एके काळी जिवंत असलेल्या गोष्टींसाठी आहे: लाकूड, कोळसा, हाडं, जळकं धान्य. जीव असतो तोवर हवेतला कार्बन शरीरात येत राहतो. जीव गेला की आवक थांबते आणि आत उरलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. बेसाल्टने, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या पाषाणाने, कधी श्वासच घेतलेला नाही. त्या दगडाचं वय दुसऱ्या पद्धतीने काढलंच, तर ते साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास निघेल. पण ते वय लाव्हा थिजल्याचं. छिन्नी कधी चालली, याचं उत्तर त्यात नाही.

मग मूर्तीचा काळ ठरवतात तरी कसा? बहुतेक वेळा घडणीच्या शैलीवरून, जवळपास शिलालेख असेल तर त्यावरून, आणि नशीब चांगलं असेल तर ती ज्या मातीत सापडली त्या मातीवरून. मला या मातीबद्दलच लिहायचं आहे, कारण पुरातत्त्वाचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यात माती कुठेच नसते.

त्या चित्रात असते वस्तू, आणि जमलं तर सोन्याची. कुठे उत्खनन चाललंय म्हटलं की बघ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'काय घावलं का?' 'खापरं' असं उत्तर मिळालं की चेहरे उतरतात. सिनेमातल्या इंडियाना जोन्स या चाबूकवाल्या नायकाला यात फुकटचा दोष देण्यात अर्थ नाही, आपल्याकडे गुप्तधनाचं वेड त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं म्हणे. मांडूळ सोन्याचा माग काढतं म्हणे. त्या बिचाऱ्या सापाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तरी त्याची तस्करी थांबत नाही. धनाच्या हंड्यासाठी माणसाचा बळी देण्यापर्यंत मजल गेली, म्हणून २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा म्हणून नमूद करावे लागले. आता पायाळूची जागा ऑनलाइन मिळणाऱ्या 'गोल्ड फाइंडर'ने घेतली आहे. तीस फूट खोलवरचं सोनं दाखवतो, असा त्याचा दावा. हातात धरायचा साधा मेटल डिटेक्टर नाण्याएवढी वस्तू जेमतेम फूटभर खोलीपर्यंत ओळखतो, आणि तीही सोन्याची आहे की डबाबाटलीच्या टोपणाची, हे खणल्याशिवाय कळत नाही.

कोल्हापुरात हा विषय कुणाला दूरचा वाटू नये. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी टेकडी म्हणजे या शहराची सर्वांत जुनी ज्ञात वस्ती. तिथे १९४४च्या सुमारास प्रा. कुंदणगारांच्या शोधात धातूच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती त्यातलीच. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीवर रीतसर उत्खनन केलं, सातवाहन काळातली वस्ती उजेडात आणली आणि त्याचा अहवाल १९५२ साली छापला. टाउन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं ते याच काळात. आज तिथे गेलेला माणूस पोसायडनपाशी थांबतो. भूमध्य समुद्रावरचा माल घाट चढून पंचगंगेच्या काठी आला होता, हे कळल्यावर कुणाचीही छाती फुगेल. पण त्या साठ्यातल्या वस्तू नेमक्या कोणत्या काळातल्या, याची अभ्यासकांत पुढची कित्येक दशकं चर्चा चालली. सांकळियांच्या खड्ड्यातल्या साध्या खापराचा थर माहीत आहे, खोली माहीत आहे, शेजारी कोणतं नाणं होतं तेही माहीत आहे. त्या हिशेबात देखण्या मूर्तीपेक्षा खापर जास्त बोलकं ठरतं.

आता थराच्याही पुढे जाऊ. माती स्वतःच वेळ मोजते.

मातीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीच्या जातीचे, बारीक कण असतात. कुठलाही स्फटिक निर्दोष नसतो. अणूंच्या मांडणीत कुठे जागा रिकामी राहते, कुठे भलताच अणू घुसलेला असतो. या दोषांच्या जागी इलेक्ट्रॉन अडकू शकतो. सोयीसाठी त्यांना सापळे म्हणू. दुसरीकडे, सगळ्याच मातीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० अत्यल्प प्रमाणात असतात. तुमच्या अंगणातही आहेत, घाबरायचं कारण नाही. त्यांच्यातून आणि आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे क्वार्ट्झमधले काही इलेक्ट्रॉन जागेवरून उडतात आणि त्यातले काही सापळ्यांत जाऊन बसतात. अंधारात ते तिथे हजारो वर्षं बसून राहतात. कणावर ऊन पडलं, की त्यांना सुटण्यापुरती ऊर्जा मिळते आणि सापळे रिकामे होतात. भर दुपारच्या उन्हात याला मिनिटभरही पुरतं.

गगनबावड्याच्या पावसात अंगणात एक रिकामी घागर ठेवली आहे, असं समजा. तासाला किती पाऊस पडतो ते माहीत असेल, तर घागरीतलं पाणी मोजून ती कधी ठेवली ते सांगता येतं. ऊन म्हणजे घागर उपडी करणं. वाऱ्याने वा पाण्याने वाहत येताना कणाने शेवटचं ऊन पाहिलं, मग त्याच्यावर पुढची माती पडली, अंधार झाला आणि भरणं सुरू झालं. म्हणून या पद्धतीने मिळतो तो कण गाडला गेल्याचा काळ. खापराच्या बाबतीत उन्हाचं काम भट्टी करते. पाचशे अंशांच्या वर भाजताना जुने सापळे रिकामे होतात, म्हणजे खापराच्या आत ते भाजल्यापासूनचा हिशेब चालू राहतो.

प्रयोगशाळेत हा हिशेब वाचताना कणांवर निळा प्रकाश सोडतात. सापळ्यांतले इलेक्ट्रॉन सुटतात, स्फटिकात दुसरीकडे जाऊन स्थिरावतात आणि तसं होताना अतिनील प्रकाशाची अंधुक चमक निघते. ती एका संवेदनशील नळीने मोजतात. मग त्याच कणांना ठरावीक मात्रेचा किरणोत्सार देऊन पुन्हा चमक मोजायची, मात्रा वाढवायची, पुन्हा मोजायची. अशा आलेखावरून मूळ चमक किती मात्रेएवढी होती ते निघतं. मात्रेचं एकक ग्रे. समजा ती ५.४ ग्रे आली, आणि त्या जागच्या मातीतून दर वर्षी कणाला ३ मिलिग्रे मिळत होते. ५,४०० मिलिग्रे भागिले ३, म्हणजे १,८०० वर्षं. भागाकार शाळेतलाच आहे. आपल्या देशात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत हे काम कित्येक वर्षं चालू आहे.

खरी मेख त्या ३ मिलिग्रेमध्ये आहे. मातीतल्या किरणांचे तीन प्रकार: अल्फा कण मिलिमीटरच्या काही शतांश अंतरातच थांबतात, बीटा दोन-तीन मिलिमीटर जातात, गॅमा मात्र मातीतून सुमारे ३० सेंटिमीटरवरून येतात. म्हणजे खापराचं वय काढायचं तर त्याच्याभोवतीची सगळीकडची फूटभर माती कशी होती, हे माहीत हवं. शिवाय मातीत पाणी असेल तर ते किरणांचा काही भाग गिळतं. आपण जमीन धरली त्यापेक्षा ती दहा टक्के जास्त ओली असेल, तर वय ढोबळमानाने तितकंच कमी निघतं. आणि पंचगंगेचा काठ दोन हजार वर्षांत सरासरी किती ओला होता, हे २०१९चा महापूर पाहिलेल्याने छातीठोक सांगून दाखवावं! पुराच्या गाळाची आणखी एक खोड आहे. गढूळ पाण्यातून, कदाचित रात्रीच, वाहत आलेल्या कणांना पुरेसं ऊन मिळतच नाही. घागर अर्धवट भरलेलीच गाडली जाते आणि थर आहे त्याहून जुना वाटतो. म्हणून एकेक कण सुटा मोजून, सर्वांत नीट रिकाम्या झालेल्या कणांचा गट संख्याशास्त्राने वेगळा काढावा लागतो. दख्खनची अडचण तर याहून वेगळी आहे: बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतोच, असतो फेल्स्पार हे दुसरं खनिज. त्याचे सापळे अंधारातही हळूहळू गळतात, त्यातही ज्वालामुखीय खडकातल्या फेल्स्पारचे जास्त. गळक्या घागरीचा हिशेब करायचा तर गळतीचा वेग आधी मोजायला लागतो. एवढं सगळं करून उत्तर येतं ते पाच-दहा टक्क्यांची चूक पदरात घेऊन. '१,८०० वर्षं, उणेअधिक १३०' असं. कोणत्या राजाच्या कारकिर्दीत, हे ही पद्धत सांगणार नाही. सांगते असं कुणी म्हणत असेल, तर तो काहीतरी विकतोय.

हा नमुना घेतात तेव्हा खड्ड्याच्या ताज्या तासलेल्या भिंतीत लोखंडी नळी ठोकतात, दोन्ही तोंडं काळ्या आवरणाने बंद करतात आणि प्रयोगशाळेत ती मंद तांबड्या दिव्याखालीच उघडतात. जेसीबीच्या बकेटमधून ढिगावर पडलेल्या मातीचं काय होतं, हे आता वेगळं सांगायला नको. वरवरच्या कणांची हजारो वर्षांची नोंद ऊन लागता क्षणी पुसली जाते. आतले कण वाचतात, पण ते कोणत्या थरातले हे कुणालाच सांगता येत नाही. धुऊन पुसून शोकेसमध्ये ठेवलेल्या खापराच्या गाभ्यात हिशेब शिल्लक असतो. भागाकारातला खालचा आकडा मात्र मातीबरोबर गेलेला असतो.

करवीर तालुक्यातल्या कसबा बीडमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, शेतात जुन्या सोन्याच्या बारीक मुद्रा सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. बातमीत वजन असतं, भाव असतो, हौसेने धरलेला तळहात असतो. ती कोणत्या शेतात, किती खोलीवर, कोणत्या रंगाच्या मातीत मिळाली, हे नसतं. वार्ताहराला दोष कशाला द्या? वाचकाने विचारलेलंच नसतं. सापडलेली वस्तू देव्हाऱ्यात जाते किंवा सराफाकडे, आणि दोन्हीकडे तिची माती धुतली जाते.

कायद्याचं म्हणाल तर १८७८चा गुप्तधन कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद. दहा रुपये! आज त्यात अख्खा वडापावही येत नाही. पण याच कायद्यात एक गोष्ट आहे जी गावात सहसा कुणाला ठाऊक नसते. मूळ मालक पुढे आला नाही, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश हिस्सा मिळतो, आणि सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ती घ्यावी लागते. हे लोकांपर्यंत पोहोचलेलं नाही. पोहोचलीय ती भीती: 'सरकार जमीन घेईल, बांधकाम अडवेल'. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा एकीकडे आनंद झाला आणि दुसरीकडे गडावर राहणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट, हा केंद्राचा नियम २०१०पासून आहेच. ज्यांचं घरच त्या मीटरांच्या आत आहे, त्यांना वारशाचं कौतुक ऐकवून भागत नाही. ही भीती खोटी ठरवण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांची आहे. ती खरी राहील तोवर पाया खणताना लागलेली जुनी भिंत रातोरात फोडली जाणार आणि वर काँक्रीट पडणार.

'मग सगळीकडे लगेच खणून सगळं बाहेर काढा' हा उत्साहही मला तितकाच धोक्याचा वाटतो. उत्खनन म्हणजे पुरावा नष्ट करत करत वाचणं. तोच थर दुसऱ्यांदा वाचता येत नाही. सांकळिया ब्रह्मपुरीवर खणत होते तेव्हा कार्बन-१४ची पद्धत अस्तित्वात नव्हती, ती १९४९ साली आली. खापराच्या चमकेवरून काळ काढण्याची कल्पना १९५३ची, आणि गाळाच्या कणांवर प्रकाश टाकून वय वाचणं १९८५पासूनचं. त्यांच्या हाती नाणी, खापरं आणि तयार नजर होती, त्यांवर त्यांनी जे काढलं ते थोर आहे. पण त्या टेकडीचा इंच न् इंच त्यांनी तेव्हाच उकरला असता, तर या तिन्ही पद्धतींना तिथे काही उरलंच नसतं. म्हणून हल्ली जाणकार उत्खनक जागेचा काही भाग मुद्दाम न खणता सोडतात. बघ्यांना ते आळशीपणाचं वाटतं.

ब्रह्मपुरीवर आज घरं आहेत. त्यांतली जुनी होतील तशी पाडली जातील आणि नव्या पायासाठी खोल खड्डे पडतील. तिथे बांधकाम कायमचं रोखा, असं माझं म्हणणं नाही. लोकांनी राहायचं कुठे? पण बांधकाम परवान्यातच एक अट घालता येईल: पाया खणल्यावर काँक्रीट ओतण्याआधी खड्ड्याच्या चार भिंती एखाद्या प्रशिक्षित माणसाने बघायच्या, थरांचे मोजपट्टीसकट फोटो घ्यायचे आणि गरज वाटली तर नमुन्याच्या दोन-चार नळ्या ठोकायच्या. एक-दोन दिवसांचं काम आहे. त्याचा खर्च घरमालकाच्या माथी मारायचा नाही, तो महापालिकेने किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उचलावा. आणि खड्ड्यात काही निघालं तर किती दिवसांत निर्णय द्यायचा, याची मुदत परवान्यावर आधीच छापलेली असावी, म्हणजे मालकाला रात्री जेसीबी बोलवावा लागणार नाही.