फ्युत्युर आंतेरियर (फ्रेंचमधील पूर्ण भविष्यकाळ)

फ्युत्युर आंतेरियर : फ्रेंच क्रियापदाचा एक संयुक्त काळ. पुढे येणाऱ्या एखाद्या क्षणापर्यंत क्रिया पुरी झालेली असेल, हे तो सांगतो. आंतेरियर म्हणजे आधीचा. येथे भविष्यातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचा. मराठी व्याकरणात त्याच्या सर्वांत जवळचा काळ पूर्ण भविष्यकाळ : ‘मी गेलो असेन’, ‘तिने पत्र लिहिले असेल’.

साध्या भविष्याशी (फ्युत्युर सँप्ल) त्याचा फरक एका जोडीवरून लगेच कळतो. ‘कां तिल आरिव्हरा, नू मांजरों’ : तो येईल तेव्हा आम्ही जेवू, म्हणजे पानं त्याच्यासाठी थांबली आहेत. ‘कां तिल आरिव्हरा, नू झोरों मांजे’ : तो येईल तोवर आमची जेवणं झालेली असतील, म्हणजे पाहुण्याला घासायला टाकलेली ताटं दिसणार. (या नोंदीत फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. फ्रेंच लिपीतली पुष्कळ अक्षरे मुकी असतात, आणि याच काळात ती सर्वांत जास्त छळतात.)

घडण

रूप दोन तुकड्यांचे असते. पहिला तुकडा ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या साहाय्यक क्रियापदाचे साधे भविष्य, दुसरा मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित. ‘फिनीर’ म्हणजे संपवणे. त्याची रूपे अशी होतात : जोरे फिनी, त्यु ओरा फिनी, इलोरा फिनी, नू झोरों फिनी, व्हू झोरे फिनी, इल झोरों फिनी. कागदावर साहाय्यकाची सहा वेगळी रूपे आहेत, कानाला मात्र ओरे, ओरा, ओरों ही तीनच येतात. ‘एत्र’चेही तेच : सरे, सरा, सरों. पुरुष आणि वचन ओळखायचे ते मागच्या सर्वनामावरून. म्हणून मराठीत ‘जेवलो असेन’ म्हटले की ‘मी’ गाळता येतो, तसा फ्रेंचमध्ये कर्ता गाळता येत नाही. जाता जाता एक गंमत : ‘ती’साठी ‘एल’ लावून हे रूप म्हटले की होते ‘एलोरा’, म्हणजे पर्यटक वेरूळला म्हणतात थेट तसे.

धातुसाधिते बहुतांशी नियमाने चालतात : मांजे (खाल्लेले), फिनी (संपवलेले), व्हांद्यु (विकलेले). पण रोजच्या वापरातलीच नेमकी बेशिस्त आहेत : फे (केलेले), मी (ठेवलेले), प्री (घेतलेले), ल्यु (वाचलेले), व्ह्यु (पाहिलेले), ऊव्हेर (उघडलेले). ती पाठच करावी लागतात. नकार साहाय्यकाला दोन्ही बाजूंनी वेढतो : ‘ज नोरे पा फिनी’, माझे संपलेले नसेल. ‘देजा’ (एव्हाना) हे क्रियाविशेषण दोन तुकड्यांच्या मध्ये बसते.

‘ओरे’ या छोट्या शब्दाच्या पोटात बराच इतिहास दडला आहे. लॅटिनमध्ये पूर्ण भविष्याचे एकसंध रूप होते, ‘कांताव्हेरो’ (मी गायलेलो असेन). फ्रेंचमध्ये ते टिकले नाही. बोलीलॅटिनमध्ये भविष्यासाठी ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचे आहे’ अशी जोडणी रूढ झाली आणि पुढे दोन शब्द वितळून एक झाले. तेव्हा ‘ओरे’चा धातू ‘हाबेरे’ (लॅटिनमध्ये ‘जवळ असणे’) यातून आला आणि प्रत्ययही त्याच क्रियापदाच्या ‘हाबेओ’तून; एकच क्रियापद स्वतःच्याच खांद्यावर बसले आहे.

आव्ह्वार की एत्र

बहुतेक क्रियापदे ‘आव्ह्वार’ घेतात. जाणे, येणे, निघणे, पोचणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे अशी मूठभर अकर्मक क्रियापदे आणि सर्व आत्मवाचक (क्रिया कर्त्यावरच उलटणारी) क्रियापदे ‘एत्र’ घेतात : ‘ज सरे पार्ती’ (मी निघालेलो असेन), ‘ज म सरे लव्हे’ (मी उठलेलो असेन). खुद्द ‘एत्र’ मात्र ‘आव्ह्वार’ घेते, ‘जोरे एते’. येथे नवशिके हमखास फसतात.

काही क्रियापदे दोन्हीकडे चालतात. ‘ज सरे देसांद्यु’ म्हणजे मी उतरलेलो असेन. तेच कर्म आले की ‘जोरे देसांद्यु ले व्हालीझ’, मी बॅगा खाली आणलेल्या असतील. मराठी वाचकाला ही विभागणी परकी वाटू नये. आपणही ‘मी उतरलो’ म्हणतो, पण ‘मी बॅगा उतरवल्या’. अकर्मकाला कर्तरी आणि सकर्मकाला भूतकाळात कर्मणी.

खरी मौज पुढे, रूपांच्या मेळात. ‘एत्र’ असेल तर धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते : निघालेला पुरुष, निघालेली बाई आणि निघालेल्या बायका यांचे ‘पार्ती’ तीन तऱ्हांनी लिहितात, उच्चार एकच. ‘आव्ह्वार’ असेल तर कर्त्याशी मेळ नाही. कर्माशी आहे, पण ते कर्म आधी येऊन गेले असेल तरच. ‘जोरे एक्री ले लेत्र’ : मी पत्रं लिहिली असतील, पत्रे मागून आली, धातुसाधित तसेच राहिले. ‘ले लेत्र क जोरे एक्रीत’ : जी पत्रं मी लिहिलेली असतील ती, पत्रे आधी आली, म्हणून स्त्रीलिंगी अनेकवचन, आणि शेवटी ‘त’ कानाला ऐकू येतो. मराठीत कर्म कुठेही असो, ‘पत्र लिहिलं’, ‘पत्रं लिहिली’, ‘चिठ्ठी लिहिली’ हा मेळ आपोआप होतो आणि कुणाला त्याचा नियम आठवावा लागत नाही. फ्रेंच मुलांना तो शाळेत वर्षानुवर्षे घोटावा लागतो. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियनचा दाखला देत हा नियम उचलून धरला. या नियमावरची कुरकुर आजही थांबलेली नाही. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी ‘आव्ह्वार’बरोबरचे धातुसाधित न बदलताच ठेवावे, असे जाहीरपणे सुचवले.

लिहिताना आणखी एक सापळा आहे. ‘जोरे फिनी’च्या ‘ओरे’ला शेवटी एक मुका ‘एस’ जोडला की काळच बदलतो : ‘मी संपवलेले असेल’चे ‘मी संपवले असते’ होते. पुष्कळ फ्रेंच लोकांच्या बोलण्यात हे दोन उच्चार वेगळे उरलेले नाहीत, त्यामुळे ही चूक त्यांच्याही हातून सर्रास होते.

वाक्यातील वापर

‘कां’ (जेव्हा), ‘दे क’ (होताच), ‘आप्रे क’ (नंतर), ‘युन फ्वा क’ (एकदा का) यांच्यामागे, मुख्य वाक्य भविष्यातले असेल तर, आधी संपणाऱ्या क्रियेला हा काळ लागतो. इंग्रजीतून फ्रेंच शिकणारी मराठी मुले येथे दोन्हीकडून अडतात. इंग्रजी अशा जागी वर्तमानातले पूर्ण रूप वापरते, मराठी ‘झाल्यावर’ किंवा ‘झालं की’ म्हणून मोकळी होते. ‘माझं जेवण झालं की फोन करते’ याचे फ्रेंच मात्र ‘कां जोरे मांजे, ज तापेलरे’; दोन्ही क्रिया उद्याच्या, तर दोन्हीकडे भविष्य, असा फ्रेंचचा चोख हिशोब. कर्ता एकच असेल तर आपल्या ‘जेवून’सारखी एक सोपी वाट आहे, ‘आप्रे झाव्ह्वार मांजे’, आणि बोलताना पुष्कळदा तीच धरतात. जेवणाच्या टेबलावर मुलांना ऐकवले जाते : ‘तां क त्यु नोरा पा फिनी ते लेग्युम, पा द देसेर’. भाजी संपेपर्यंत गोड मिळणार नाही.

‘सी’ (जर) मात्र भविष्याला दारात उभे करत नाही. ‘दुपारच्या आत तुझं संपलं, तर बाहेर जाऊ’ यात ‘जर’च्या भागात पासे कोंपोझे, म्हणजे संयुक्त भूतकाळच येतो; मराठीतल्या ‘संपलं तर’सारखाच.

भविष्य नसलेले भविष्य

नावात भविष्य असले तरी या काळाचे काही वापर पूर्णपणे मागे पाहणारे आहेत. स्टेशनवर मित्र उतरलेला दिसत नाही. वाट पाहणारा म्हणतो, ‘इलोरा मांके सों त्रँ’, त्याची गाडी चुकली असेल. गाडी चुकायची तर ती केव्हाच चुकली आहे. पुढे आहे ती फक्त खात्री, जी अजून व्हायची आहे. मराठी ‘असेल’ अगदी हेच काम करते. किंबहुना ‘तो पोचला असेल’ हे ऐकल्यावर आपल्या मनात आधी अंदाजच येतो. नुसते भविष्य सांगायचे तर आपण ‘पोचलेला असेल’ म्हणून जरा जोर देतो. बोलीफ्रेंचमध्ये अंदाजासाठी ‘इल आ द्यु मांके’ ही रचना अधिक कानावर पडते.

दुसरा वापर हिशोब मांडण्याचा, आणि तेथे मराठी साथ सोडते. फ्रेंच वृत्तपत्रात एखाद्या दिवंगत कलावंताबद्दल ‘इलोरा मार्के सोन एपोक’ असे येते. ‘त्याने आपल्या काळावर ठसा उमटवला असेल’ असे भाषांतर केले, तर माणसाच्या मोठेपणावरच शंका घेतल्यासारखे होईल. अर्थ आहे, ‘त्याने ठसा उमटवला, आणि पुढे मागे वळून पाहणाऱ्यालाही तो दिसेल’. मराठीत साधा भूतकाळ, फार तर ‘उमटवून गेला’ एवढेच बसते. घरगुती भांडणातले ‘त्यु लोरा व्हूल्यु’ याच कुळातले. शब्दशः ‘तुला ते हवे असलेले असेल’; प्रत्यक्षात, ‘तूच ओढवून घेतलंस, आता भोग’.