शिअर बॉक्स लगेच मिळतो, व्हेन शोधावी लागते

मुंबईत माती परीक्षणाची प्रयोगशाळा थाटायची ठरली की कोटेशनच्या यादीत वरच्याच ओळींमध्ये शिअर बॉक्स, म्हणजे माती कापून पाहणारी पेटी, असतो. प्रिन्सेस स्ट्रीटवर काचसामान, तराजू, रसायनं मिळतात, नागदेवीला हत्यारं. मातीचं कातरबळ, म्हणजे कापलं किंवा सरकवलं जाण्याला तिचा विरोध, मोजणारी यंत्रं मात्र अशी दुकानात मांडलेली नसतात. ती ऑर्डर देऊन, बहुतेकदा दिल्ली-रुडकीकडून मागवावी लागतात. त्यातही शिअर बॉक्स चटकन मिळतो, ट्रायअ‍ॅक्शिअलचा (नमुन्याला सगळीकडून दाब देऊन तपासणाऱ्या यंत्राचा) पूर्ण संच सावकाश येतो आणि मऊ चिखलात फिरवून बळ मोजायच्या व्हेनची आठवण पुष्कळदा कुणालाच होत नाही. खाडीच्या चिखलावर वसलेल्या शहरात हे उलटंच म्हणायचं. पण त्यामागे इतिहास आहे.

शिअर बॉक्समागचा विचार अडीचशे वर्षांचा आहे. फ्रेंच लष्करी अभियंता कुलोम कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधून परतला आणि १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे त्यानं एक निबंध वाचला. मातीचा विरोध दोन गोष्टींनी बनतो, असं त्याचं म्हणणं होतं: एक तिचा अंगचा चिकटपणा आणि दुसरं वरच्या दाबाबरोबर वाढणारं घर्षण. शिअर बॉक्स म्हणजे हेच समीकरण धातूत ओतलेलं. आडवी दुभागलेली चौकोनी पेटी, वरून वजन, एका अर्ध्या भागाला बाजूनं रेटा. कालव्यांच्या दरडी अभ्यासणाऱ्या आलेक्सांद्र कोलाँनं १८४६ साली चिकणमातीच्या अशा कातर चाचण्या प्रसिद्ध केल्या होत्या, पण पुढं जवळजवळ शतकभर त्यांची कुणी फारशी दखल घेतली नाही. पेटीला आजचं रूप आलं ते १९३०च्या दशकात, आर्थर कासाग्रांदे यांच्या कामातून. आपल्याकडं ती माती परीक्षणाच्या भारतीय मानकात, आयएस २७२० च्या भाग १३ मध्ये बसली. नेहमीचा नमुना ६० मिलिमीटर चौरस.

वाळू आणि बारीक मुरूम यांना ही पेटी उत्तम. चिकणमातीत तिची दोन दुखणी उघडी पडतात. माती कुठल्या पातळीवर कापली जाणार हे पेटीच आधी ठरवून टाकते, आणि नमुन्यातलं पाणी किती दाबाखाली आहे हे तिला कळत नाही. १९२०च्या दशकात कार्ल टेर्झागी यांनी दाखवून दिलं, की एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून जे उरतं तेच मातीचे कण पेलतात. पाण्याचा दाब ठाऊक नसेल, तर चिखलाबद्दल अर्धंच कळलं.

पुढची यंत्रं बरीचशी कोसळण्यांतून जन्मली. स्वीडनमध्ये रेल्वेमार्गांवर दरडी येऊ लागल्या तेव्हा १९१४ मध्ये एक आयोग नेमला गेला. त्याचं काम चालू असतानाच, १९१६ मध्ये, गोथेनबर्ग बंदराचा धक्का सरकला. त्या अभ्यासातून, माती गोलाकार पृष्ठावरून घसरते असं धरून करायची गणितं आली. मऊ माती जागच्या जागी मोजायची व्हेनही स्वीडनमध्येच घडली आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस पक्क्या रूपाला आली. चार पात्यांचा दांडा चिखलात खुपसायचा, फिरवायचा, लागलेला पीळ मोजायचा. इतकं साधं! लंडनजवळ चिंगफर्ड इथं १९३७ साली जलाशयाचा मातीचा बांध बांधकाम चालू असतानाच घसरला आणि ब्रिटनमध्ये मृदायांत्रिकीला, म्हणजे मातीच्या बळाच्या शास्त्राला, वजन आलं. कासाग्रांदे यांनी अमेरिकेत मांडलेली ट्रायअ‍ॅक्शिअल चाचणी नंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात बिशप यांच्या हाताखाली घोटली गेली. बिशप आणि हेन्केल यांचं तिच्यावरचं पुस्तक १९५७चं. आपल्या प्रयोगशाळांतला ३८ बाय ७६ मिलिमीटरचा नमुना म्हणजे ब्रिटिश मापातला दीड बाय तीन इंच.

मुंबईला कोसळण्याचा अनुभव नवा नव्हता. वरळीची खिंड बुजवणारा हॉर्नबी वेलार्ड अठराव्या शतकात बांधला जात असताना पुन्हापुन्हा ढासळत होता. शेवटी कंत्राटदार रामजी शिवजी प्रभू यांना देवीचा दृष्टांत झाला, समुद्रातून मूर्ती वर आल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. बांधाखालच्या चिखलाचं कातरबळ मोजायची सोय तेव्हा जगात कुठंच नव्हती.

मग ती सोय झाल्यावरही मुंबईनं चिखल फारसा का मोजला नाही? माझ्या मते याला इथला खडक कारणीभूत आहे. शहराच्या बऱ्याच भागात बेसाल्ट किंवा ब्रेशिया हाती लागतो. पाइल, म्हणजे पायाचा खोल खांब, खडकात नेऊन टेकवली की वरचा चिखल हिशेबातून जवळजवळ बाद. म्हणून इथल्या प्रयोगशाळांचा धंदा एसपीटीच्या (बोअरमध्ये नळी ठोकून माती किती घट्ट ते पाहायच्या चाचणीच्या) आकड्यांवर आणि खडकातून कापून काढलेल्या कोअरच्या दाबचाचणीवर पोसला गेला. इमारत खडकावर उभी राहते, पण तळघराचा खड्डा, रस्त्याचा भराव, कंटेनरचं यार्ड हे सगळं चिखलाच्याच भरवशावर असतं. शिवडी, माहूल, वडाळा आणि पलीकडं १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावाशेवा बंदर इथं ही गोष्ट टाळता येत नाही.

यंत्रांच्या उपलब्धतेचा भाग थोडक्यात सांगता येईल. मृदायांत्रिकीची भारतीय संस्था १९४८ची, पवईची आयआयटी १९५८ची, नाशिकची मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ची. बाहेरची यंत्रं आणायची तर आयात परवाना आणि परकीय चलन लागे. देशी कारखान्यांनी सोपं ते आधी उचललं, आणि शिअर बॉक्स सोपा होता. १९९१ नंतर आयातीच्या अटी सैलावल्या; हळूहळू प्रूव्हिंग रिंग आणि डायल गेज या काट्यावर वाचायच्या मापकांच्या जागी लोड सेल हे विजेवर चालणारे मापक आणि संगणक आले.

आज यंत्र शोधणाऱ्यानं आधी माती कुठली ते ठरवावं. निविदेत नुसतं 'आयएस २७२० भाग १३ नुसार' लिहिलं की सर्वांत कमी दराचा शिअर बॉक्स येतो. त्याच्या गिअरबॉक्सचा किमान वेग विचारून घ्यावा: वाळूला मिनिटाला मिलिमीटरभर चालतो, चिकणमातीच्या निचरा चाचणीला (नमुन्यातलं पाणी निघून जाऊ देणाऱ्या) त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी लागू शकतो. ट्रायअ‍ॅक्शिअल घेताना पाण्याचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर किमतीत धरलाय का, हे पाहावं. तो नसेल तर त्याच मानकाच्या भाग ११ ची, पाण्याचा दाब न मोजणारी चाचणी होईल, तो मोजणारी भाग १२ ची नाही. आणि खाडीकाठची कामं येणार असतील, तर प्रयोगशाळेतली व्हेन भाग ३० मध्ये आहे, साइटवरची आयएस ४४३४ मध्ये. पहिलीचं पातं अवघं १२ मिलिमीटर व्यासाचं, २४ मिलिमीटर उंचीचं. यादीतल्या इतर यंत्रांपुढं तिची किंमतही किरकोळच असते.