गरब्याआधीचं उपाशी राहणं आणि चॅटबॉटचा सल्ला

बडोद्यात श्रावण लागला की चणियाचोळी शिवायला टाकायची घाई सुरू होते. दांडिया बाजारात ब्लाउज शिवणाऱ्या मावशी माप घेतात आणि मुलगी हळूच सांगते, "कमरेत एक इंच कमीच ठेवा, तोवर मी बारीक होते." मग शाळेचा डबा तसाच परत येऊ लागतो. रात्री "मैत्रिणीकडे खाऊन आले" असं उत्तर मिळतं. "नवरात्रीपर्यंत पाच किलो कसे कमी करू?" हा प्रश्न मात्र ती आईला विचारत नाही, फोनमधल्या चॅटबॉटला विचारते. यंत्राने यावर काय बोलावं, याला आता बराच इतिहास आहे आणि मुलं असलेल्या प्रत्येक घराला तो माहीत असायला हवा.

खाण्याशी जोडलेले हे मनाचे आजार जुनेच. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली स्वतःहून उपाशी राहून खंगत जाण्याच्या आजाराचं, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियाचं वर्णन केलं, तर जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये भरमसाट खाऊन मग उलटी करण्याच्या आजाराचं, म्हणजे ब्युलिमियाचं. आपल्याकडे याची चर्चा फार उशिरा सुरू झाली आणि त्याला कारणही होतं. इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत १९५० पासून आहारशास्त्र शिकवलं जातं, पण समोरचा प्रश्न कुपोषणाचा आणि पंडुरोगाचा होता. घरात अन्न असताना मुलगी उपाशी का राहते, हे विचारायची वेळच आली नव्हती. १९९५ मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी अशा पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. खाणं टाळणं, उलट्या, घटलेलं वजन, सगळं होतं. पाश्चात्य पुस्तकांतली 'जाड होण्याची भीती' मात्र ठळक दिसत नव्हती. त्याच वर्षी फिजीच्या एका भागात टीव्ही पोचला. वजन ताब्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी तिथल्या शाळेत तेव्हा आढळली नव्हती; १९९८ मध्ये ११.३ टक्के मुलींनी तसं सांगितलं. आज आपल्या मुलींच्या हातात तर चोवीस तास पडदा आहे.

आजार जडण्याआधीच अडवावा, या विचारातून अमेरिकेत इंटरनेटवरचे कार्यक्रम तयार झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉलेजच्या ४८० मुलींनी आठ आठवड्यांचा असा कार्यक्रम केला आणि वजनाबद्दलची त्यांची धास्ती कमी झाली. आजार मात्र काही गटांतच टळला. शिवाय मुलींशी बोलायला प्रशिक्षित माणूस लागायचा. हजारोंपर्यंत पोचायचं तर तेवढी माणसं आणायची कुठून?

म्हणून 'टेसा' हा चॅटबॉट आला. त्याची वाक्यं संशोधकांनी आधीच लिहून ठेवलेली होती. तो स्वतःच्या मनाचं काही बोलत नसे. १८ ते ३० वयाच्या ७०० स्त्रियांवर चाचणी झाली आणि सहा महिन्यांनंतरही वजन-बांध्याची चिंता कमी राहिल्याचं दिसलं. प्रतिबंधासाठी, ठरलेल्या चौकटीत हे यंत्र उपयोगी होतं, यात मला शंका नाही.

घात पुढे झाला. अमेरिकेच्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनने दोन दशकांहून जुनी हेल्पलाइन १ जून २०२३ पासून बंद करायचं ठरवलं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नुकतीच युनियन केली होती. टेसा मात्र संस्थेकडे चालूच राहणार होता. दरम्यान, चॅटबॉट चालवणाऱ्या कंपनीने त्यात स्वतः उत्तरं रचणारी नवी यंत्रणा घातली होती. खाण्याच्या विकारातून सावरलेल्या एका महिलेने त्याला प्रश्न विचारले, तर तो म्हणाला: कॅलरी कमी करा, मोजत राहा, दर आठवड्याला वजन करा. एरवी हा सल्ला साधा वाटेल. पण ज्या मुलीचा आजारच पोळी मोजण्यात आणि काट्यावर उभं राहण्यात आहे, तिच्यासाठी हे विष. ३० मे रोजी टेसा बंद करावा लागला. माझ्या मते या सगळ्यातला धडा यंत्र वाईट असण्याचा नाही. तपासलेलं एक यंत्र होतं आणि लोकांसमोर आलं ते दुसरंच.

टेसाची चाचणी प्रौढांवर झाली होती. किशोरांसाठी ब्राझीलमध्ये युनिसेफच्या साथीने 'टोपिटी' हा चॅटबॉट तयार झाला. १३ ते १८ वयाच्या १,७१५ मुलामुलींवर त्याची चाचणी झाली. स्वतःच्या शरीराबद्दल त्यांना काय वाटतं यात सुधारणा दिसली, पण थोडी.

आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. १४४१६ लावला की प्रशिक्षित माणूस बोलतो, तोही प्रादेशिक भाषांत. चॅटबॉटपुढे मात्र एक वेगळीच अडचण आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हा सर्वसाधारण नियम आहे. नियम योग्यच आहे, मुलांची माहिती कुणीही उचलून न्यावी असं कोण म्हणेल? पण ज्या आईपासून डबा लपवला, तिचीच परवानगी मागायला सोळा वर्षांची मुलगी जाणार नाही. ती सरळ कुठल्याही साध्या चॅटबॉटकडे जाईल, वय वाढवून सांगेल आणि डाएट मागेल. म्हणून मदतीचे असे चॅटबॉट आणायचेच असतील तर ते शाळेतून, समुपदेशकाच्या हातून यावेत, आणि त्यात रोज काय बदल होतोय हे तपासणारं कुणीतरी नेमलेलं असावं.