लक्ष उडतं तेव्हा मान कुठे वळते?

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं एकामागून एक येत राहतात. प्रत्येक अक्षराला कीबोर्डवरची स्पेसबार दाबायची. फक्त ‘एक्स’ आला की हात आवरायचा. एकूण 360 अक्षरं, 14 मिनिटं. सुरुवातीला हा पोरखेळ वाटतो. मग कधीतरी राहून गेलेलं लाइटबिल आठवतं, आणि भानावर येईपर्यंत बोट एक्सवर पडलेलं असतं.

एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता, तपासताना वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी ही एक. या कुळातली मूळ चाचणी 1956 सालची. अमेरिकेतल्या रॉस्व्होल्ड आणि सहकाऱ्यांनी ती मेंदूची इजा ओळखण्यासाठी केली होती. लक्षाच्या तक्रारींसाठी ती नंतर रुळली. तिच्यात दोन प्रकारच्या चुका मोजतात. दाबायचं तेव्हा दाबलं नाही, ही निसटलेल्या लक्षाची खूण. दाबायचं नव्हतं तेव्हा दाबलं, ही घाईची.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती तिसरी गोष्ट. समजा, दोघांना चार अक्षरांना प्रतिसाद द्यायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असा आहे: पहिला 430, 460, 440, 470, दुसरा 350, 360, 340, 750. दोघांचीही सरासरी 450. सरासरीवर बोट ठेवलं तर दोघं सारखेच. प्रत्यक्षात पहिल्या तीन अक्षरांना दुसरा पहिल्यापेक्षा चपळ आहे आणि चौथ्या वेळी तो तिथे नव्हताच. एडीएचडीवरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसतं ते हेच चढउतार. ‘हा मंद आहे’ असं शिक्षक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते चौथ्या आकड्याबद्दल बोलत असतात.

मग या चाचणीत खोट कुठे? खोट त्या खोलीत आहे. दार बंद, फोन बाहेर, समोर एकच पडदा आणि शेजारी शांतपणे बसलेला मानसशास्त्रज्ञ. एडीएचडी असलेली बरीच माणसं नव्या जागी, एकास एक अशा शांत भेटीत चांगली तग धरतात. ज्याची तक्रार घेऊन माणूस आला ते तिथे घडतच नाही. गाडी घाटात बंद पडते म्हणून मेकॅनिककडे न्यावी आणि त्याने ती सपाट रस्त्यावर चालवून ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून परत द्यावी, तशातली गत.

2000 सालाच्या आसपास अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अल्बर्ट रिझो यांनी यावर तोड काढली: घाटच खोलीत आणायचा. डोळ्यांसमोर आभासी दृश्य उभं करणारा हेडसेट डोक्यावर चढवला की मूल एका वर्गात बाकावर बसलेलं असतं. समोर फळा आणि बाई, आजूबाजूला मुलं. एका बाजूला मोठी खिडकी आणि तिच्यापलीकडे रस्ता, दुसऱ्या बाजूला दारं. काम जुन्याच धाटणीचं: फळ्यावर ‘ए’च्या मागोमाग ‘एक्स’ आला तरच बटण दाबायचं. मात्र मध्येच कागदी विमान उडत येतं, खिडकीबाहेरून गाडी जाते, दारातून कुणीतरी आत येतं. ही लुडबुड केव्हा, कुठून, किती वेळ करायची ते संशोधक ठरवतो, आणि प्रत्येकाला ती अगदी सारखीच मिळते. खऱ्या वर्गात हे जमणार नाही.

इथे हेडसेट आणखी एक गोष्ट जवळजवळ फुकटात देतो. तुम्ही डोकं वळवलं की समोरचं दृश्यही वळलं पाहिजे, नाहीतर भास टिकत नाही. त्यासाठी यंत्राला डोक्याची दिशा सेकंदाला कितीतरी वेळा मोजावीच लागते. तीच नोंद जपून ठेवली की चुकीमागचं कारण दिसू लागतं. एक्स चुकला तेव्हा मान खिडकीकडे होती? मग बाहेरच्या गाडीने लक्ष ओढून नेलं. मान फळ्याकडे सरळ, तरी चुकला? मग लक्ष आतल्या आतच कुठेतरी गेलं. ‘चित्त थाऱ्यावर नाही’ असं आपण एका दमात म्हणून टाकतो; ते नेमकं कुठे गेलं होतं याचा निदान अर्धा पत्ता इथे लागतो.

किशोरवय सरताना मात्र हा वर्ग अपुरा पडतो. लहानपणी बाकावरून उठून पळणारा मुलगा सतरा-अठराव्या वर्षी बसून राहायला शिकलेला असतो. अस्वस्थता आत शिरते. उरतात ती अर्धवट सोडलेली कामं, चुकलेल्या तारखा आणि हरवलेल्या किल्ल्या. तीस वर्षांच्या बाईला शाळेच्या बाकावर बसवून काय कळणार? म्हणून स्पेनमधल्या नेस्प्लोरा कंपनीने सोळा वर्षांच्या पुढच्यांसाठी मत्स्यालय उभं केलं: मासे दिसतात, त्यांची नावं ऐकू येतात आणि नियमाप्रमाणे प्रतिसाद द्यायचा. जर्मनीत बॉनच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या गटाने सेमिनार हॉल केला आणि त्याच्या जोडीला नजरेची हालचाल, मेंदूतले विद्युत तरंग आणि अंगाची चुळबुळही मोजली. फिनलंडमध्ये तर घरच उभारलं. त्यात सांगितलेली कामं लक्षात ठेवून, वेळेवर, इकडेतिकडे न भरकटता करायची. मुलांसाठी ते हेडसेटमध्ये होतं. प्रौढांसाठी तेच काम साध्या संगणकावर, त्रिमितीय खेळासारखं करून पाहिलं गेलं. मला हे फार आवडलं. मग मोलाचा भाग हेडसेटमध्ये नसून कामाच्या रचनेत असेल, ही शक्यता उरते.

बॉनच्या गटाने 2024 साली जे मांडलं ते असं: एका गटावर शिकवलेल्या संगणकाने दुसऱ्या, न पाहिलेल्या गटातल्या पाचांपैकी साधारण चौघांबाबत एडीएचडी आहे की नाही ते बरोबर ओळखलं. ऐकायला झकास. पण दोन्ही गट मिळून शंभरही माणसं नव्हती आणि त्यात एडीएचडी असलेले नि नसलेले जवळजवळ निम्मेनिम्मे होते. आता हाच 80 टक्क्यांचा हिशेब बाहेर लावून बघू. हजार प्रौढ घ्या. त्यातल्या तीस जणांना एडीएचडी आहे असं धरू. चाचणी तिसांपैकी 24 जणांना पकडेल. उरलेल्या 970 पैकी 194 जणांवरही ती चुकून शिक्का मारेल. म्हणजे बोट दाखवलेल्या 218 जणांत खरे 24, नवांत एक. कॉलेजात नाहीतर ऑफिसात रांग लावून सगळ्यांना हेडसेट घालायची कल्पना इथेच संपते.

दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्यांत हे प्रमाण बरंच जास्त असतं, त्यामुळे गणित सुधारतं. अडचण वेगळीच येते. तिथे समोर ठणठणीत माणूस नसतो. चिंता, नैराश्य, अपुरी झोप यांनीही एक्स चुकतातच. ‘एडीएचडी की काहीच नाही’ या प्रश्नापेक्षा ‘एडीएचडी की चार महिन्यांची रात्रपाळी’ हा प्रश्न कितीतरी अवघड, आणि डॉक्टरांपुढे येतो तो हाच.

शिवाय हेडसेटचे स्वतःचे नखरे आहेतच. काहींना गरगरतं, मळमळतं. जाड चष्मेवाल्यांची पंचाईत होते. आणि पहिल्यांदाच घालणाऱ्याला ते सगळं इतकं नवं असतं की उडणारं लक्षही चिकटून बसतं. नवेपणाची भूल हीच तर या विकाराची खोड. तुलनेसाठीचे आकडेही ज्या वयाच्या, ज्या भाषेच्या माणसांवरून काढले, त्यांनाच नीट लागू पडतात. पंख्याची घरघर आणि शेजारच्या वर्गातले पाढे ऐकत शिकलेल्याला कागदी विमान काय विचलित करणार, अशी मला उगाच शंका येते.

म्हणून निदानाची खुर्ची अजून गप्पांकडेच आहे. 2013 पासून चालत आलेले अमेरिकन निकष सांगतात की त्रास एकाच ठिकाणी नव्हे, निदान दोन ठिकाणी दिसला पाहिजे: घरी आणि कामावर, किंवा घरी आणि शाळेत. सतरा पूर्ण झाल्यावर नऊपैकी पाच लक्षणं पुरतात, त्याआधी सहा लागतात. आणि त्यातली काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असायला हवीत. पस्तिशीतल्या माणसाचं अकरावं वर्ष कुठल्याच हेडसेटमध्ये दिसत नाही. म्हणून डॉक्टर सांगतात, पुढच्या वेळी जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन या आणि जमलं तर आईला आणा. ती पुस्तकं सापडली तर शेऱ्याच्या रकान्यात, वेगवेगळ्या बाईंच्या वेगवेगळ्या अक्षरांत, दरवर्षी तेच लिहिलेलं असतं: हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते.