फुकटच्या सॉफ्टवेअरची किंमत कोणी मोजली?

सॉफ्टवेअरची चोरटी प्रत ते लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय देते की उलट त्याचं नाव घरोघरी पोचवते, हा वाद घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. फेब्रुवारी १९७६ मधल्या एका अनावृत पत्राने त्याला तोंड फुटलं. ‘अल्टेअर’ या हौशी संगणकासाठीची बेसिक ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा तेव्हा भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळे. हौशी संगणकवाल्यांच्या क्लबात एक पट्टी आली की तिच्या नकला हातोहात वाटल्या जात. ही बेसिक लिहिणाऱ्यांपैकी एक, वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी त्या पत्रात तक्रार केली, की अल्टेअर घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांनीही बेसिक विकत घेतलेलं नाही; मिळालेला पैसा तासांवर वाटला तर मजुरी ताशी दोन डॉलरही पडत नाही.

१९९८ मध्ये हेच गेट्स चीनबद्दल बोलताना म्हणाले, की चोरणारच असतील तर आमचंच चोरोत. एकदा सवय लागली की वसुलीचं पुढच्या दशकात बघू. मधल्या काळात त्यांची मायक्रोसॉफ्ट जगातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली होती. तिला आता ताशी मजुरीची चिंता नव्हती, हवी होती ती लोकांच्या हाताला लागलेली सवय. ब्रिटनमधल्या स्प्रेडशीट आणि वर्ड प्रोसेसरवरच्या १९९५ च्या एका अभ्यासानेही हेच सांगितलं: सातांपैकी सहा जण चोरटी प्रत वापरत, पण नव्या खरेदीदारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जण त्यांच्याच प्रभावाने आले.

गोव्यात हा प्रश्न आला तो म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या दुकानांत जोडून घेतलेल्या संगणकाबरोबर. बिलावर मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क यांच्या ओळी असत; विंडोजची ओळच नसे. दुकानदाराच्या ‘सगळं घालून देतो’ या शब्दात ते आलं. सीडीवर मार्करने सिरीयल नंबर लिहिलेला. खरं तर कॉपीराइट कायद्याच्या, १० मे १९९५ पासून लागू झालेल्या ६३ब कलमात, जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. घरापर्यंत हा कायदा कधी पोचला असं मला वाटत नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाब. चोरटी प्रत मूळ महाग प्रोग्रॅमशी स्पर्धा करत नाही; ती वापरणारा मूळ प्रोग्रॅम तसाही विकत घेणार नव्हता. ती स्वस्त आणि फुकट पर्यायाचा गळा दाबते. २००१ च्या सुमारास गोव्यातल्या शाळांसाठी परदेशातून जुने संगणक मागवून त्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, घालण्याचा प्रकल्प चालला. मूल शाळेत लिनक्सवर बसे आणि घरी येऊन बिनपैशाच्या विंडोजवर. मग लिनक्स फुकट असण्याचं महत्त्व ते काय उरलं?

मराठी सॉफ्टवेअरवाल्यांचं तर सरळ नुकसान झालं. लग्नपत्रिका आणि जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं छापणारे छापखाने हेच त्यांचं गिऱ्हाईक. म्हणून देवनागरी फॉन्टच्या कंपन्या प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगल देत, ते लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नसे; हे कुलूप तोडलेल्या प्रतीही फिरत. एवढ्याशा बाजारात प्रत्येक हुकलेली विक्री जाणवते, आणि पसरलेल्या नावाची वसुली दहा वर्षांनी करू म्हणत थांबायची ऐपत त्यांच्याकडे कधीच नव्हती.