हॉटेलातला गोंगाट आणि उघडं छत

पुण्या-मुंबईत अलीकडे उघडलेला एखादा कॅफे डोळ्यांसमोर आणा. गुळगुळीत काँक्रीटची जमीन, एका बाजूला प्लास्टर न केलेली विटांची भिंत, रस्त्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत काच. टेबलांवर कापड नाही, खिडक्यांना पडदे नाहीत. फॉल्स सीलिंगही नाही, त्यामुळे वर एसीचे डक्ट आणि वायरिंगचे पाइप दिसतात. फोटोत हे सगळं देखणं असतं. पण शनिवारी संध्याकाळी तिथे बसलं, की समोरच्याचं बोलणं ऐकायला टेबलावर वाकावं लागतं. आपण म्हणतो, गर्दी फार आहे. खरं तर तेवढीच माणसं त्याच खोलीत बसवून गोंगाट निम्म्यावर आणता येतो. त्यामागचं भौतिकशास्त्र सव्वाशे वर्षं जुनं आहे.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. वक्ता काय म्हणतो तेच कळत नसे. हे दुरुस्त करायचं काम वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. रात्री रस्ते शांत झाले की तो ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. मग जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या आणून मांडायच्या, पुन्हा मोजायचं आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत पोचवायच्या. रिकाम्या खोलीत आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत होता. तेवढ्या वेळात वक्त्याची पुढची दहा-पंधरा अक्षरं आधीच्या अक्षरांवर जाऊन आदळत. गाद्या वाढल्या तसा हा निनाद कमी होत गेला.

त्यातून आलेलं सूत्र आजही वापरात आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागायचं. निनादाचा काळ सेकंदांत मिळतो. शोषण मोजायला सॅबिनने घेतलेलं एकक मला फार आवडतं: उघडी खिडकी. तिच्यातून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक एकक. त्या तुलनेत काँक्रीट किंवा चकचकीत टाइल शंभरातले दोन-तीन भागच शोषते आणि उरलेला आवाज खोलीत परत टाकते. चुण्या पाडलेला जाड पडदा निम्म्याच्या आसपास शोषतो. कपडे घातलेला माणूसही जवळपास अर्ध्या चौरस मीटरच्या खिडकीएवढा असतो.

मुंबईतले जुने इराणी आठवा. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, फरशी, भिंतींवर आरसे, सगळं टणक. तरीही तिथे तासन्‌तास गप्पा चालत. कोपऱ्यावरची इमारत, दोन्ही रस्त्यांकडे उघडे रुंद दरवाजे, उंच छत आणि पंखे. रस्त्याचा आवाज आत यायचा हे खरं, पण आतला आवाज साठून राहत नव्हता. एसी आला तेव्हा दारं मिटली आणि त्या जागी काच बसली. शोषणाचं सगळ्यात मोठं साधन गेलं, आणि त्याची भरपाई करायचं बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही.

हिशेब करून पाहू. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच खोली, म्हणजे २८० घनमीटर. सगळे पृष्ठभाग टणक असतील तर त्यांचं शोषण जेमतेम ८-९ एकक भरतं. ४० गिऱ्हाइकं बसली की आणखी १८. निनाद १.७ सेकंद. आता फक्त छताला शंभरातले ८० भाग शोषणारे पॅनेल लावले, तर बेरीज ९०च्या जवळ जाते आणि निनाद अर्ध्या सेकंदावर येतो.

गोंगाट मात्र यापेक्षाही जास्त उतरतो, कारण खोलीत माणसं आहेत. फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. भोवतालचा गोंगाट २ डेसिबलने वाढला तर आपलं बोलणं साधारण १ डेसिबलने चढतं. मग शेजारचं टेबल आपल्यावर आवाज चढवतं आणि आपण त्यांच्यावर. छताने ५ डेसिबल खाल्ले की हेच चक्र उलटं फिरतं, सगळे हळू बोलू लागतात आणि एकूण उतार १० डेसिबलच्या घरात जातो. कानाला तो निम्मा वाटतो.

सगळ्यात जास्त जाच होतो तो वयस्कर माणसांना. स्वर जोरकस असतात. 'स', 'त', 'फ' यांसारखी व्यंजनं अशक्त आणि उंच कंप्रतेची, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजाची. घुमणारा स्वर मागून येणाऱ्या व्यंजनाला झाकून टाकतो, आणि वयानुसार आधी कमी होतं ते उंच कंप्रतेचंच ऐकणं. 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं. नातवंडांनी हौसेने जेवायला नेलेले आजी-आजोबा तिथे गप्प बसून राहतात, ते अनेकदा यामुळे. आणि गिऱ्हाईक तासाभरात उठून जातं, वेटर मात्र दिवसभर त्याच आवाजात असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, नायोशने, आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८८ला चार तास, ९१ला दोन.

उपाय करताना मालाची जाडी पाहावी. ग्लासवूल, रॉकवूल किंवा फेल्टच्या बारीक छिद्रांत हवा थरथरते आणि घर्षणाने ध्वनीची उष्णता होते. ५०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ६८ सेंटिमीटर असते, त्यामुळे भिंतीला चिकटवलेलं पातळ कापड किंवा अंड्याचे ट्रे त्याला फारसं अडवत नाहीत. तेच पॅनेल छतापासून १०-१५ सेंटिमीटर खाली टांगलं तर मागच्या पोकळीमुळे बरंच जास्त काम करतं. वरचे डक्ट दिसावेत असं वाटत असेल, तर पॅनेल उभी टांगावीत; दोन्ही बाजूंनी शोषतात आणि छताचा उघडेपणाही राहतो. सच्छिद्र पॅनेलवर जाड रंग मात्र मारू नये, छिद्रं बुजली की शोषण गेलं.

स्वस्त पॉलियुरेथेन फोम तर लावूच नये. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने असाच फोम पेटला आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियातल्या किस नाइटक्लबमध्ये छताच्या फोमनेच पेट घेतला. २४२ बळी गेले, बहुतेक विषारी धुराने. ध्वनिशोषक माल विकत घेताना शोषणाच्या आकड्याबरोबर त्याच्या अग्निचाचणीचं प्रमाणपत्रही विक्रेत्याकडून मागून घ्यावं, आणि ते नसेल तर माल परत पाठवावा.